काळ्या पुठ्ठ्यावरच्या ऐंशी रेघा

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर थोडा वेळ नुसतं उभं राहिलं, की हा टी-शर्ट कधी ना कधी दिसतोच. काळा, आणि छातीवर पांढऱ्या रेघांची डोंगररांग. घालणाऱ्याला "जॉय डिव्हिजन ऐकलंस का रे?" असं विचारायचा मोह मी आवरतो. मुळात त्या रेघाही गाण्यासाठी काढलेल्या नव्हत्याच.

'अननोन प्लेझर्स' १९७९ साली मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सने काढली. रेघांचं चित्र बँडलाच खगोलशास्त्राच्या एका ज्ञानकोशात सापडलं होतं. तिथे ते पांढऱ्यावर काळं होतं, डिझायनर पीटर सॅव्हिलने ते उलटं केलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण करून बघा. पांढऱ्या कागदावर तो आलेख आहे, काळ्यावर तो अंधार होतो आणि रेघा त्यातून उजळतात. शिवाय चित्र पूर्ण कव्हरभर पसरलेलं नाही. मधोमध लहानसं, भोवती भरपूर काळं. पुढच्या बाजूला बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही. नव्या बँडच्या पहिल्या एलपीवर नावच न छापायला छाती लागते (किंवा फॅक्टरीसारखी बेफिकीर कंपनी लागते).

हे कव्हर मोबाईलच्या पडद्यावर नखाएवढं झालं तरी ओळखू येतं. पण हाताचं सगळं जातं. मूळ पुठ्ठा खरखरीत होता, बोटांना लागायचा. एलपीच्या बाजूंना 'ए' आणि 'बी' नव्हे, तर 'आउटसाइड' आणि 'इनसाइड' अशी नावं होती. आतल्या पाकिटावर राल्फ गिब्सनचा फोटो, दारातून आलेला एक हात. म्हणजे आकाशातून सुरुवात करून तुम्ही दारापाशी पोचता, आणि मग तबकडी बाहेर काढता. गाणं सुरू व्हायच्या आधीच एवढा प्रवास! पडद्यावर यातलं पहिलंच पाऊल उरतं.

त्या रेघांना पुष्कळ जण हृदयाचा ईसीजी समजतात. गायक इयन कर्टिसने मे १९८० मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी आत्महत्या केल्यावर तर हा अर्थ पक्काच चिकटला. मला तो पटत नाही, फार सोपा आहे. कव्हर त्याच्या मृत्यूच्या जवळजवळ वर्षभर आधीचं, आणि रेघा पल्सारच्या आहेत. सीपी १९१९, म्हणजे १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसलिन बेल यांना सापडलेला पहिला पल्सार. स्फोट होऊन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, दर १.३४ सेकंदाला एक रेडिओ स्पंद पाठवणारा. प्रत्येक रेघ म्हणजे एक स्पंद, असे लागोपाठचे ऐंशी. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश उभ्या आहेत, तिथेही पल्सारचा अभ्यास चालतो. त्यामुळे मला या रेघा मँचेस्टरपेक्षा जुन्नर तालुक्याच्या जवळच्या वाटतात. असो.

या शोधाचं नोबेल १९७४ साली मिळालं ते बेल यांच्या मार्गदर्शकांना, त्यांना नाही. ती गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. चित्राची गोष्ट कमी माहीत आहे. हॅरल्ड क्राफ्ट हा कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी. अरेसिबोच्या दुर्बिणीतून घेतलेले स्पंद त्याने एकाखाली एक मांडले. पुढच्या उंचवट्यामागे मागची रेघ झाकली जावी, म्हणून प्रोग्रॅममध्ये खास सोय केली. डोंगर दिसतात ते त्यामुळे. नाहीतर नुसता गुंता झाला असता. मग कॉर्नेलमधल्या एका आरेखक बाईंनी त्या रेघा शाईने गिरवल्या, आणि १९७० च्या प्रबंधात चित्र छापलं गेलं. म्हणजे आपण ज्याला सॅव्हिलचं कव्हर म्हणतो, त्यातला डोंगर क्राफ्टचा आणि अंधार सॅव्हिलचा. मला दोन्ही तितकेच मोलाचे वाटतात, पण टी-शर्टवाल्या जगात नाव एकाचंच घेतलं जातं.

क्राफ्टला हे कव्हर कित्येक वर्षांनी एका सहकाऱ्याकडून कळलं. तो दुकानात गेला आणि स्वतःच्या पैशांनी एक अल्बम आणि एक पोस्टर घेऊन आला. चित्र आपलं आहे, तर आपल्याकडे एक प्रत असावी, एवढंच.