गळतीचे मूळ

वडिलांनी घेतलेली अ‍ॅम्बॅसडर इंदूरच्या आमच्या घरी अजून धावती आहे. उत्तरपाड्याच्या कारखान्यातले तिचे उत्पादन 2014 साली थांबले. तेव्हापासून दर पावसाळ्यापूर्वी घरात तिच्या विक्रीचा विषय निघतो. यंदा त्या पक्षाला सबळ पुरावा मिळाला. मागच्या अ‍ॅक्सलखाली फरशीवर काळसर डाग आणि डाव्या चाकाच्या आतल्या बाजूस ओल. गंधकासारखा उग्र दर्प आला, तेव्हा हे डिफरन्शियलमधले नव्वद नंबरचे ऑइल, याविषयी शंका उरली नाही.

गॅरेजवाला म्हणाला, "साब, पुरानी गाड़ी है, थोड़ा तो टपकेगा." पिनियनच्या सीलमधून टपकले तर फरशी खराब होते, आणि दुर्लक्ष केले तर कालांतराने दातेही झिजतात. चाकाच्या सीलमधून आलेले तेल मात्र थेट ब्रेकच्या शूवर उतरते. याच गाडीतून नातवंडे उज्जैनला जातात. तिथे 'थोडे' हा शब्द मला मान्य होण्यासारखा नव्हता.

पुतण्याला हाताशी घेऊन काम घरीच काढले. सील म्हणजे शाफ्टला बिलगलेला रबराचा ओठ, तो झिजतोच. तथापि दोन सील एकदम गळू लागले की आधी ब्रीदर पाहावा. गाडी चालली की आतले तेल तापते, हवा फुगते. अ‍ॅक्सलवरचे ते बारीक छिद्र चिखलाने बुजलेले असेल, तर हवा तेलाला सीलमधूनच बाहेर ढकलते. नस्ती कुठे अडली हे न पाहता स्मरणपत्रे काढीत राहावे, तसे नुसते सील बदलणे. आमचे छिद्र पुरते बुजलेले निघाले.

गाडी निव्वळ जॅकवर न ठेवता लोखंडी घोड्यांवर टेकवली. तेल भरण्याचा प्लग सुटतो ना, हे आधी पाहिले; तळाचा प्लग उघडून बसावे आणि वरचा गंजलेला निघावा, अशी फजिती पुष्कळांची होते. प्रोपेलर शाफ्ट, फ्लँज आणि पिनियनचा नट यांवर खुणा केल्या, कारण तो नट प्रमाणाबाहेर आवळला गेला की बेअरिंगवरचा दाब बदलतो.

फ्लँज हाती येताच पुतण्या म्हणाला, "काका, इथे नख अडकतंय." जुन्या सीलने गुळगुळीत पोलादावर बारीक चर पाडला होता. रबर पोलादाला कापते, यावर माझा सहसा विश्वास बसला नसता. पण तेलातली धूळ रबरात रुतते आणि वर्षानुवर्षे घासत राहते. नवा सील त्याच चरावर बसवला असता, तर पुन्हा गळला असता. म्हणून तो किंचित अलीकडे बसवला: ओठ तेलाच्या बाजूस, त्याला थोडे तेल लावून, सपाट लाकडी ठोकळ्यावर हलके ठोके देत. चाकाकडचे सील त्या मानाने लवकर झाले. तेलात भिजलेले ब्रेकशू पुतण्या पेट्रोलने धुणार होता. मी दोन्ही बाजूंचे नवेच आणावयास लावले.

प्लगच्या कडेपर्यंत तेल भरून आता तीन आठवडे झाले. खाली पसरलेला पुठ्ठा पिनियनपाशी कोरडा आहे. डाव्या चाकाचा ड्रम दसऱ्याच्या आत पुन्हा एकदा उघडून पाहणार आहे. विक्रीचा विषय तोवर तहकूब.