आईंना गाडी लागते

आमच्या घरात गाडी मी चालवते. नवरा शेजारी बसून गाणी लावतो आणि टोलनाका समोर दिसायला लागला की फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, असं विचारतो. त्यामुळे जुनी हॅचबॅक काढून मोठी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा निवड माझ्याकडे येणार हे उघडच होतं. शोरूममधल्या पोराला मात्र ते उघड नव्हतं. "सर, बजेट काय आपलं?" त्यानं विचारलं. सरांनी माझ्याकडे बोट केलं आणि कॉफीच्या मशीनकडे निघून गेले.

मला सेडान हवी होती. हे ऐकून ऑफिसात, सोसायटीत, माहेरी सगळीकडे एकच प्रतिक्रिया: आता सेडान कोण घेतं? खरं आहे. या वर्गात आता पर्यायच मोजके उरलेत. सिटी, वर्ना, स्लाव्हिया आणि व्हर्टस. सियाझ 2025 मध्ये बंद झाली. जो तो उंच गाडी घेतो, वर बसलं की रस्ता दिसतो म्हणतो, आणि खड्ड्यांचा विषय निघाला की माझ्याकडे दयेनं बघतो.

पण आमच्या सासूबाईंना गाडी लागते.

गाव गुहागर तालुक्यात. पुण्याहून सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. वाटेत खंबाटकी आहेच. माणसं पाच. मागच्या सीटवर आई, बाबा आणि मध्ये लेक. एका लग्नाला नणंदेच्या उंच गाडीतून गेलो तेव्हा कुंभार्लीच्या प्रत्येक वळणाला आईंनी पिशवी तोंडाशी धरली होती. यामागचं कारण साधं आहे. गाडी जितकी उंच आणि सीट जितकी जमिनीपासून वर, तितका वळणावर बसणाऱ्याचा हेलकावा मोठा. चालवणाऱ्याला वळण आधी दिसतं, तो अंग सावरून घेतो. मागे बसलेल्याला ते पोटात कळतं. आमच्या जुन्या बुटक्या हॅचबॅकमध्ये आईंना त्रास कमी व्हायचा, फक्त तिघं मागे बसली की कुणाचा तरी खांदा पुढे काढावा लागायचा.

दुसऱ्या बाजूला आईंचे गुडघे. ऑपरेशन झालेलं आहे. सेडानची सीट खाली, तीत उतरायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं. म्हणून मी आईंना शोरूममध्ये सोबतच नेलं. त्यांची पद्धत ठरलेली: पदर खोचायचा, दाराकडे पाठ करायची, आधी बैठक आत टाकायची आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून फिरवायचे. पोरगा टचस्क्रीन आणि सनरूफ दाखवत होता, आणि आई मागचं दार उघडून बसत-उठत होत्या. एका देखण्या गाडीचं छप्पर मागे इतकं उतरत गेलेलं होतं की त्यांचा अंबाडाच लागला. दुसरीत सीट चांगली, पण दाराची खालची पट्टी रुंद, पाय आत यायला अडतात. बाबांनी कुठेच मत दिलं नाही, त्यांनी फक्त प्रत्येक गाडीची डिकी उघडून बघितली. गावाहून परतताना फणस, नारळ, तांदूळ आणि कोकमं बाबाच भरतात.

डिकीच्या बाबतीत सेडान फसवत नाहीत. स्लाव्हियाची 521 लिटर, सिटीची 506. नवऱ्याचं म्हणणं होतं, डिझायर का नाही? 382 लिटरची डिकी, शिवाय ग्लोबल एनकॅपचे पाच तारे. चौघांचं घर असतं तर मीही तीच घेतली असती आणि हा लेख लिहिला नसता. पाच जणांना रुंदी पुरत नाही, एवढंच. पण डिझायर स्वस्त का पडते, हे शोधायला गेले आणि तिथून माझं गणित फिरलं.

आपल्याकडे गाडीवरचा कर टेपनं मोजून लागतो. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत असेल तर जीएसटी 18 टक्के. दोन्हींपैकी एक अट मोडली की 40 टक्के. हे दर सप्टेंबर 2025 पासूनचे. त्याआधी आम्ही बघत होतो त्या गाड्यांवर जीएसटी आणि सेस मिळून 45 टक्के जायचे, म्हणजे दर उतरला म्हणून टाळ्या वाजवल्या तरी उतरला तो पाचच टक्के. गंमत अशी की स्लाव्हियाचं छोटं इंजिन 999 सीसीचं आहे, आमच्या जुन्या हॅचबॅकपेक्षाही लहान. पण गाडी साडेचार मीटर लांब, म्हणून ती चैनीची वस्तू.

शोरूमची किंमत 14 लाख धरा. त्यात गाडी 10 लाखांची, जीएसटी 4 लाख. त्यावर महाराष्ट्राचा रस्ता कर, 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के, तोही जीएसटीसकटच्या किमतीवर. म्हणजे 1 लाख 68 हजार. करावर कर. विमा आणि किरकोळ धरून गाडी दारात येते सव्वासोळा लाखांना, आणि त्यातले 5 लाख 68 हजार सरकारचे. कोटेशनवर "हँडलिंग चार्जेस" नावाची ओळही होती. ती काढा म्हटल्यावर पोरानं लगेच काढली. यावरून ती कशासाठी होती ते समजलं.

आणि हे पाच लाख अडुसष्ट हजार पहिला मालक एकदाच भरतो. गाडी विकताना ते कुणी परत देत नाही. रस्ता कर पंधरा वर्षांचा भरलेला असतो, राज्यातल्या राज्यात दुसऱ्या मालकाला तो पुन्हा पडत नाही. मग चार-पाच वर्षं वापरलेली, पण सहा एअरबॅगवाली, वरच्या मॉडेलची गाडी का घेऊ नये? एअरबॅगवर मी अडून होते. 2020 मध्ये आलेल्या पाचव्या पिढीच्या सिटीत व्हीएक्सपासून पुढे सहा एअरबॅग होत्या, म्हणून शोध तिथंच लावला. नवऱ्याला जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं वाटत होतं. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतंच. जुन्या गाडीच्या कर्जाला बँक व्याजही जास्त लावते, वाचलेल्या करातला बराच भाग तिकडे जातो. आम्ही एफडी मोडायचं ठरवलं.

आमच्या गॅरेजवाल्यांना सगळेच मामा म्हणतात. त्यांनी अट घातली: "ताई, टोकन द्यायच्या आधी गाडी मला दाखवायची. टोकन दिल्यावर मी येणार नाही." मामांची तपासणी इंजिनापासून सुरू होत नाही. ते आधी गाडीभोवती फिरतात आणि काचा बघतात. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनावटीचा शिक्का असतो. सगळ्यांचं साल गाडीच्या आगेमागे जुळायला हवं. एकच काच नंतरची असेल तर त्या बाजूला काहीतरी झालेलं आहे. मग टायर. कडेला चार आकडे असतात, 2221 म्हणजे 2021 सालचा 22वा आठवडा. मीटरवर पंचवीस हजार किलोमीटर आणि टायर गेल्या वर्षीचे, म्हणजे एकतर टायर फुकट बदलले किंवा मीटर मागे घेतलाय. मग बॉनेट उघडून फेंडरचे बोल्ट: पाना लागलेला असेल तर रंगाचे टवके जातात. ॲप्रनच्या जोडावरचा सीलंट. कारखान्यातला एकसारखा ओघळतो, हातानं भरलेला बोटानं पुसलेला दिसतो.

एक गाडी मला फारच आवडली होती. पांढरी, आतून लखलखीत, सीट कव्हर नवीन, किंमत बाजारभावापेक्षा थोडी कमी. पासिंग एमएच 08. मालक पुण्यातले, सभ्य गृहस्थ, गाडी त्यांच्याकडे वर्षभरच होती. मामा मागच्या सीटवर बसले आणि त्यांनी सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली. लावण्यासाठी नव्हे. ओढतच राहिले, खिशातून टॉर्च काढला, पट्टा संपला तेव्हा अगदी शेवटची वीत माझ्यापुढे धरली. वरचा पट्टा स्वच्छ काळा. शेवटच्या तुकड्यावर फिकट मातकट रेष, पट्टीनं आखल्यासारखी सरळ. "सीट धुतात, कार्पेट धुतात," मामा म्हणाले, "पट्टा कोण शेवटपर्यंत काढतंय?" मग त्यांनी डिकीतली स्टेपनी उचलली आणि खालच्या खोलगट जागेच्या कडेतून बोट फिरवलं. बोटाला बारीक गाळ. पुढच्या सीटच्या रुळांवर गंज.

एमएच 08 म्हणजे रत्नागिरी. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली तेव्हा आमचाही गावचा रस्ता बंद होता. नंतर जाताना बाजारपेठेतल्या चिखलात एकमेकींवर चढलेल्या गाड्या मी पाहिल्यात. अशा गाड्या विमा कंपन्या मोडीत काढतात, त्या लिलावात जातात, कुणीतरी धुऊनपुसून पुन्हा रस्त्यावर आणतो. ही त्यांतलीच का, ते मला सिद्ध करता येणार नाही. पाणी तिच्या सीटपर्यंत आलं होतं हे नक्की. मला भीती वाटली ती इंजिनाची नव्हे. एअरबॅगचं नियंत्रण करणारा डबा दोन पुढच्या सीटच्या मध्ये, जमिनीलगत असतो. पाणी सगळ्यात आधी त्याच्यापर्यंत पोचतं. सहा एअरबॅग आहेत म्हणून गाडी घ्यायची आणि वेळेला एकही उघडायची नाही, याला काय म्हणायचं? मालकांना मी पट्टा दाखवला. त्यांचा चेहरा पडला. त्यांनाही ती तशीच कुणीतरी विकलेली असावी.

शेवटी मिळाली ती 2021 ची सिटी, व्हीएक्स, सीव्हीटी. पिंपळे सौदागरमधलं जोडपं परदेशी चाललं होतं. स्वारगेट ते कात्रज क्लच दाबून माझा डावा पाय भरून येतो, म्हणून ऑटोमॅटिक हवीच होती. मामांनी मात्र सीव्हीटीचं तेल वेळेवर बदलल्याच्या पावत्या मागितल्या. मालकीणबाईंनी फाइलच पुढे केली, तारीखवार. सर्व्हिसच्या नोंदीत किलोमीटर चढत्या क्रमानं जुळत होते, पट्टे शेवटच्या इंचापर्यंत काळे होते. आई दाराकडे पाठ करून बसल्या, पाय आत घेतले आणि उठायचं नावच घेईनात. मी घासाघीस करायची ती घराबाहेरच केली.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं, पण टाळण्यासारखं नाही. आधी गाडीवरचं बँकेचं नाव उतरवायचं, त्यासाठी बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35. मग 29 आणि 30, विकणाऱ्यांच्या सह्यांसकट. ते परदेशी जाणार असल्यानं सह्या आधी, पैसे नंतर, असं मी स्पष्ट सांगितलं. परिवहनच्या साइटवर चलनं तपासली. एक्सप्रेस वेवरचं वेगाचं एक निघालं, ते त्यांनी भरलं. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो, आणि नो क्लेम बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो, हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. त्यांचा बोनस त्यांच्याकडे राहिला, हॅचबॅकवरचा माझा मी या गाडीवर आणला. हप्त्यात चांगलाच फरक पडला.

ॲव्हरेजबद्दल जो तो विचारतो. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्के कमीच. गाडी जुनी झाली म्हणून ॲव्हरेज पडलं, असं नवऱ्यानं म्हणून बघितलं. मी त्याला हे गणित ऐकवलं.

पावसाळा सरल्यावर गावी गेलो. कुंभार्लीत पिशवी आईंच्या मांडीवर घडी घातलेली होती, ती तशीच राहिली. थांबलो तेही बाबांना चहा हवा होता म्हणून. अडचण आली ती घराच्या वाटेवर. गाडीचं पोट-जमीन अंतर 165 मिलिमीटर, आणि आमच्या वाडीत वळताना जांभ्याचा एक उंचवटा आहे. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन गेलं की खाली खर्रकन घासतं. आता तिथं नवरा आणि बाबा उतरून चालत येतात. मामा म्हणाले, स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाकून गाडी थोडी वर घेता येईल. नवरा लगेच तयार. मी विचारलं, वर घेतली तर वळणावर जास्त हलेल का? "थोडी हलणारच की, ताई." मग राहू दे म्हटलं.