इंजेक्शन मिळाल्यानंतर

२०२१च्या मे महिन्यात दादाला म्युकर, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, झाल्याचं कळलं आणि जो तो फोन करून एकच विचारू लागला, 'इंजेक्शन मिळालं का?' अॅम्फोटेरिसिन-बीचा तेव्हा तुटवडा होता. लायपोसोमल प्रकार द्यायचा तर किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या दादाला रोज ५० मिलिग्रॅमच्या सहा व्हायल. त्या मिळेनात, म्हणून नाकाच्या ऑपरेशननंतर जुन्या, साध्या प्रकारावर सुरुवात झाली. त्या धावपळीबद्दल सगळेच बोलतात. औषध हातात पडल्यावर काय करावं लागतं, ते मात्र मी वॉर्डातच पाहिलं.

हे औषध सलाईनमध्ये घातलं तर खराब होतं. त्याला पाच टक्के डेक्स्ट्रोजच लागतं. पण किडनी सांभाळायची म्हणून आधी सलाईन चढवायचं. मग मधे डेक्स्ट्रोजनं नळी धुवायची, आणि त्यानंतर औषध, चार-सहा तास, अगदी हळू. मधुमेहाच्या माणसाला साखरेचं पाणी चढताना बघून वहिनी हबकली. इन्शुलिनचा हिशेब त्याप्रमाणे केलाय, असं डॉक्टरांनी तिला समजावलं.

पॅरासिटामॉल आणि अॅव्हिल आधी देऊनही दादाला हुडहुडी भरायचीच. ऐन मे महिन्यात दोन ब्लँकेटं, आणि तरी पलंग हलायचा. पुढे पायांत गोळे येऊ लागले. पोटॅशियम उतरलं होतं. मी शहाळं आणायला निघालो, तर डॉक्टरांनी थांबवलं. क्रिएटिनिन वाढलेलं असताना घरच्यांनी मनानं काही द्यायचं नाही. रक्त तपासून पोटॅशियमचं सिरप किती ते आम्ही ठरवू, म्हणाले.

लायपोसोमल मिळालं त्या दिवशी सिस्टरांनी लेबल मोठ्यानं वाचलं आणि दुसऱ्या सिस्टरांकडून पुन्हा वाचून घेतलं. साध्याचा डोस किलोमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास. नाव तेच, पण लायपोसोमलच्या हिशेबानं साधं गेलं तर जीवावर बेतेल. मला त्या दोघींचा फार आधार वाटला.

घरी सोडताना पोसाकोनॅझोलच्या गोळ्या दिल्या: पहिल्या दिवशी दोनदा, नंतर रोज एकदा, अख्ख्या गिळायच्या, तोडायच्या नाहीत. आणि त्या चालू आहेत तोवर कोलेस्टेरॉलची अॅटोर्वास्टॅटिन बंद, कारण पोसाकोनॅझोलमुळे ती रक्तात साठत जाते आणि स्नायूंना इजा होते.

"वर्षानुवर्षं घेतोय, ती काय करणार आहे?" दादा कुरकुरला. वहिनीनं काही न बोलता ती स्ट्रिप त्याच्या डब्यातून काढली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली.