कोणत्या डॉक्टरांकडे जावे?

आपल्या व्यापारी कुटुंबांत माल घेण्यापूर्वी चार ठिकाणी भाव विचारला जातो. डॉक्टर मात्र कोणीतरी नाव सुचवले म्हणून निवडले जातात. गुडघा दुखला की अस्थिरोगतज्ज्ञ, छातीत जळजळले की हृदयरोगतज्ज्ञ, अशी वाटणी आपणच करून टाकतो. वास्तविक दुखण्याचे मूळ कोठे आहे, हे ठरवणे हेच डॉक्टरांचे पहिले काम.

माझे थोरले बंधू कापडाचे व्यापारी. मधुमेहासाठी ते १२ वर्षे मेटफॉर्मिन घेत होते. तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, पाय बधिर होऊ लागले, चालताना तोल जाऊ लागला. ते प्रथम अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. नंतर एका स्नेह्याच्या सल्ल्याने रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांकडे. दोघांनी आपापल्या क्षेत्रातील तपासण्या केल्या. त्यांत दोष आढळला नाही. फाईल जाड होत गेली, पाय तसेच राहिले. दुकानाच्या पायऱ्या चढणे अवघड झाले, तेव्हा वहिनींनी आग्रहाने त्यांना एम.डी. मेडिसिन झालेल्या एका फिजिशियनकडे नेले. त्यांनी आधी आहार विचारला, चालू गोळ्या पाहिल्या आणि रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व तपासून घेतले. ते फारच कमी निघाले.

वनस्पतिजन्य आहारात हे जीवनसत्त्व जवळजवळ नसते. आपल्याला ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास त्याचे शोषण आणखी घटू शकते. इंजेक्शने सुरू झाल्यावर बंधूंचा तोल सावरला. परंतु बोटांतील बधिरपणा राहिलाच. मज्जातंतूंच्या हानीवर उपचार लांबले, तर ती पूर्ण भरून येतेच असे नाही.

एम.बी.बी.एस.नंतर ३ वर्षांचे एम.डी. किंवा एम.एस. आणि त्यापुढे आणखी ३ वर्षांचे डी.एम. किंवा एम.सीएच. असते. शिक्षण वाढते, तसे क्षेत्र सखोल आणि अरुंद होते. मूत्रपिंडाचे कार्य मंदावले तर नेफ्रॉलॉजिस्ट, मुतखडा काढायचा तर युरॉलॉजिस्ट. हा भेद रुग्णाने पाठ करण्याचे कारण नाही. फिजिशियनने चिठ्ठी देऊन योग्य ठिकाणी पाठवावे. बँकेतही कर्जाचा प्रस्ताव आधी शाखेत तपासला जातो, कारण खातेदाराचा सर्व व्यवहार शाखेला ठाऊक असतो.

याला अपवाद तातडीच्या प्रसंगांचा. छातीवर दाब येणे, तोंड अचानक वाकडे होणे, हात लुळा पडणे, वाचा अडखळणे यांपैकी काही दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि थेट मोठे रुग्णालय गाठावे. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तेथे डॉक्टर निवडत बसण्यास अवधी नसतो.

एरवी मात्र प्रत्येक घराचे एक डॉक्टर असावेत. आपला चौविहार, पर्युषणातील उपवास, घरातील जुने आजार हे सारे ज्यांना ठाऊक आहे असे. मधुमेही व्यक्तीने उपवास धरण्यापूर्वी गोळ्या अथवा इन्सुलिनचे प्रमाण त्यांनाच विचारावे. आणि कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची यादी सोबत न्यावी. आपण काय खातो, काय खात नाही, हे त्यांनी विचारण्यापूर्वीच सांगावे.