काचेची काठी

छंद हा माणसाच्या पेशाला शोभेसा असावा, अशी आमच्या गांवांतील प्रतिष्ठित मंडळींची समजूत आहे. प्राध्यापकानें जुनीं नाणीं जमवावींत, पोथ्या जमवाव्यात, फार तर तपकिरीच्या डब्या जमवाव्यात. पण मासे धरण्याच्या जुन्या काठ्या? नांदेडास माझ्या घरीं येणारा पाहुणा कोपऱ्यांतील लांबट कापडी पिशव्यांकडे पाहून विचारतो, "पडदे लावायचे राहिले वाटतें?" मी खरें तें सांगतों, आणि तो घाईघाईनें पुस्तकांच्या कपाटाकडे वळतो.

अशा अकरा काठ्या माझ्याकडे आहेत. त्या बांबूच्या नाहींत, हल्लींच्या कार्बनच्याही नाहींत. त्या काचतंतूंच्या, म्हणजे फायबरग्लासच्या आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेंत डॉ. आर्थर हॉवल्ड यांनीं आपल्या बांबूच्या काठीचा मोडलेला शेंडा काचतंतू व राळ यांचा करून बसविला, आणि त्यांतून 'शेक्सपियर' कंपनीची 'वंडररॉड' निघाली, अशी हकीकत सांगतात. (इंग्रजीच्या प्राध्यापकाच्या हातीं शेक्सपियरचीच काठी यावी, यांत माझा कांहीं दोष नाहीं.) तोंवर उत्तम काठी म्हणजे चीनमधील टोंकिन बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेली. १९५० सालीं अमेरिकेनें चिनी मालावर बंदी घातली, तो बांबू मिळेनासा झाला, आणि काचेची चलती झाली. ती वीस-पंचवीस वर्षें टिकली. १९७३ च्या सुमारास कार्बनच्या काठ्या बाजारांत आल्या आणि काचेच्या माळ्यावर गेल्या. माळ्यावर गेलेल्या वस्तूंवरच आम्हां संग्राहकांचा संसार चालतो. माझी पहिली काठी एका विद्यार्थ्यानें परदेशाहून आणून दिली. दोन मुंबईच्या चोर बाजारांत मिळाल्या. आणि ओहायोंतील ॲक्रनच्या फ्ल्यूगर कारखान्याची 'मेडलिस्ट' फिरकी हैदराबादेस जुन्या कुलुपांच्या ढिगांत सांपडली. दोरी ओढली कीं ती रातकिड्यासारखी करकरते. दुकानदार ती शिवणयंत्राचा भाग म्हणून विकीत होता, आणि त्याचा गैरसमज दूर करण्याची मला घाई नव्हती.

हिच्यानें मासे धरण्याची रीत निराळी आहे. आपल्याकडील गळाला शिशाचें वजन बांधतात आणि त्या वजनाबरोबर दोरी जाते. येथें गळावर पिसें गुंडाळून केलेली खोटी माशी असते. तिला वजन म्हणून नाहींच. वजन असतें तें दोरीला. ती प्रथम पाठीमागें हवेंत उडवायची, पुरती उलगडेपर्यंत थांबायचें, आणि मग पुढें सोडायची. कार्बनची काठी ताठ; ती हा अवधि आंखडते. काचेची मात्र मुठीपर्यंत वांकते आणि सावकाश सरळ होते. घाई केली कीं दोरी मागच्या बाभळींत अडकलीच म्हणून समजा. काव्यवाचनांतील विरामाबद्दल मी वर्गांत तीस वर्षें बोलत आलों आहें; ही काठी तो विषय एका संध्याकाळींत शिकविते.

हा साहेबी शौक आहे, असें म्हणणाऱ्यांपुढें मी 'मानसोल्लास' ठेवतों. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. लातूर जिल्ह्याची सीमा ओलांडली कीं पलीकडे बिदर जिल्ह्यांत तें लागतें. राजानें करावयाच्या विनोदांत मत्स्यविनोदावर तेथें स्वतंत्र अध्याय आहे. सुमारें पस्तीस जातींचे मासे, कोणाला कोणतें खाद्य घालून लोभवावें, गळ, दोरा, काठी, सर्व कांहीं त्यांत आलें आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं त्यावर इंग्रजींत निबंधही लिहिला. आयझॅक वॉल्टनचें प्रसिद्ध पुस्तक १६५३ चें; म्हणजे आमच्या शेजारचा राजा त्याच्या पांचशें वर्षें आधीं काठी घेऊन बसला होता! कर्नल साइक्सनें १८३९ सालीं दख्खनचे मासे वर्णिले तेव्हां येथील लोकांच्या तोंडचींच नांवें लॅटिनला जोडलीं; महाशिराच्या शास्त्रीय नांवांतील 'खुद्री' हा शब्द तसाच आलेला आहे. तो मासा मात्र मला अद्याप लागलेला नाहीं.

खरी अडचण काठीची नाहीं, पाण्याची आहे. नांदेडास विष्णुपुरीच्या बंधाऱ्यामुळें गोदावरी निदान नदीसारखी दिसते. लातुराकडे, जेथें माझी थोरली बहीण राहते, मांजरेची गोष्ट वेगळी. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून 'जलदूत' गाडीनें लातूरला पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस दहा वाघिणी आणि पांच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यांत बहिणीनें मला आंघोळीला अर्धी बादली मोजून दिली. धनेगांवच्या धरणाचा भेगाळलेला तळ पाहून परत आलों आणि पाऊस पडेपर्यंत पिशव्यांच्या गांठी सोडल्या नाहींत. माणसाला पाणी पुरेना तेथें माशाशीं खेळण्याची लाज वाटली, असें लिहिलें तर शोभून दिसेल. पण खरें म्हणजे खेळण्यापुरतें पाणीच उरलें नव्हतें.

पुढें पाऊस बरा झाला तेव्हां कंधारकडील एका तलावावर गेलों. असे तलाव मच्छिमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्यानें दिलेले असतात. माशांचें बीज त्यांनीं सोडलेलें, राखण त्यांची. परवानगी घेतली. तेथें साठी उलटलेले एक भोईमामा दोन दिवस माझा उद्योग मुकाट्यानें न्याहाळीत होते. तिसऱ्या दिवशीं ते जवळ येऊन बसले.

"सर, धरल्याला मासा तुमी परत सोडता म्हनं?"

"हो, मामा."

"मग तेच्या तोंडात लोखंड कशाला घालता? आमी पोटासाठी धरतो. तुमी कशासाठी?"

गळाचा उलटा कांटा मीं घासून काढलेला आहे, जखम फारशी होत नाहीं, असें कांहींतरी मी बोललों. मामांनीं मान हालविली. ती होकाराची नव्हती. सोमेश्वराचा दाखला तेथें उपयोगी पडण्यासारखा नव्हता. तो राजा होता. त्या प्रश्नाचें उत्तर माझ्याजवळ आजही नाहीं, आणि तरी काठी सुटलेली नाहीं.

थोड्या वेळानें पाणगवताच्या कडेला पाणी तांबूस दिसूं लागलें. मरळीच्या इवल्याशा पिलांचा तो थवा होता. अशा थव्याखालीं मरळ राखणीला असते आणि जवळ येईल त्यावर तुटून पडते. तेथें टाकलेली माशी फुकट जात नाहीं. मीं दोरी मागें उडविली, तोंच मामांनीं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तिथं नगं. पिल्लं हाईत. माय गेली की समदी जातेत."

मीं दोरी गुंडाळली. मग त्यांनींच काठी मागितली. पहिल्या दोन खेपांस दोरी त्यांच्या पागोट्यावर पडली. तिसऱ्या खेपेस त्यांनीं मागें वळून ती उलगडतांना पाहिली, तितका वेळ थांबले, आणि गवतापासून दूर, उघड्या पाण्यांत माशी अलगद उतरली. फिरकी करकरली. काठी मुठीपर्यंत वांकली. वीतभर लांबीची एक चिलापी कांठावर आली. गळ काढण्यासाठीं मीं हात पुढें केला, पण मामांनीं तो बाजूला सारला, तिला आपल्या पिशवींत टाकलें आणि पिशवीचें तोंड आवळलें.

"ही मातर सोडायची न्हाई, सर."