पाण्यावरची वाट

आमचा वर्धा जिल्हा समुद्रापासून फार दूर. नदीवरच्या डोंग्यांखेरीज दुसरी नौका मी पाहिली नव्हती. त्यामुळे मुंबई बंदरात चोहोंकडून ये-जा करणाऱ्या बोटी पाहून मला नवल वाटले. ना रस्ता, ना चौक. तरी त्या एकमेकींवर आदळत कशा नाहीत?

याचे उत्तर १९७२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात. परंतु यांत्रिक बोटी समोरासमोर आल्या, तर दोघींनीही उजवीकडे वळावे. वाटा एकमेकींना छेदत असतील, तर जिला दुसरी बोट आपल्या उजव्या बाजूस दिसेल, तिने वाट द्यावी. यंत्राच्या बोटीने शिडाच्या नौकेस वाट द्यावी. कारण वाऱ्यावर विसंबलेल्या नौकेस हवे तसे वळता येत नाही. समर्थाने आधी बाजूस व्हावे, हा केवढा सुंदर न्याय!

मात्र जिचा हक्क, तिनेही डोळे मिटून जाऊ नये. दुसरी वाट देत नाही असे दिसताच तिनेही टक्कर टाळली पाहिजे. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच बंदरात चाचणीवरील एका वेगवान बोटीचे यंत्र बिघडले आणि ती 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. पंधरा जीव गेले. अशा वेळी नियम दुबळा ठरतो; म्हणून अखंड सावधगिरी हवी, प्रवाशांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट हवे.

बाळांनो, हक्क सांगत बुडण्यापेक्षा वाट देऊन दोघांनीही तीर गाठावे, हेच खरे शहाणपण.