रिकाम्या काडतुसांची साक्ष

आमच्या वस्तीत फौजेतून आलेली माणसे पुष्कळ. महार रेजिमेंट 1941 साली बेळगावला उभी राहिली, आणि पुढे घराघरांतून कोणी ना कोणी भरती होत गेला. नुसत्या पेन्शनवर भागत नाही, म्हणून निवृत्तीनंतर यातले बरेचजण छत्रपती संभाजीनगरात (आमच्या तोंडी अजून औरंगाबादच येते) बँकेच्या दारात किंवा रोकड नेणाऱ्या गाडीवर गनमन म्हणून उभे राहतात. स्वतःची परवान्याची बंदूक असेल तर पगार जास्त मिळतो. सुताराला रंधा, तशी आमच्या माणसाला बंदूक. ती पोटाचे साधन आहे.

आम्ही तिघे असेच निवृत्त. छावणीत गुरुवारचा बाजार भरतो, त्या दिवशी आमची चहाची बैठक ठरलेली. आमच्यातल्या एकाची अर्धी नोकरी कोतमध्ये, म्हणजे फौजेच्या शस्त्रागारात गेली. त्यामुळे कोणाच्या बंदुकीचे दुखणे असले की ते आमच्याकडे येते.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. कन्नड तालुक्यातला आमचा एक धाकटा सोबती दाराशी आला. "जय भीम, उस्ताद. रायफल बिघडली. उद्या ड्युटी आहे."

त्याची .315 ची रायफल. फौजेत चालणाऱ्या मापाची रायफल नागरिकाला सहसा परवान्यावर मिळत नाही, म्हणून आमचे बरेचजण हीच घेतात. गावी मक्यात रानडुकरे शिरली, त्याने रात्री बार काढले. नंतर बोल्ट उघडेना, तळहाताने ठोकून उघडावा लागला. शेवटच्या बाराला तोंडावर गरम वाफ आली. शहरातला एक कारागीर म्हणाला होता, चेंबर घासून देतो, दोन तासांत काम होईल.

आमच्या कोतवाल्याने रायफल हातात घेतली नाही. त्याने विचारले, "खाली खोके आणलेस का?" फौजेत रिकाम्या काडतुसाला खोका म्हणतात.

खोके त्याच्या रुमालात बांधलेले होते. का, ते लगेच कळले. एक माणूस रिकामी काडतुसे घेऊन तीच पुन्हा भरून देत होता, निम्म्याहून कमी किमतीत. परत द्यायची म्हणून याने ती जपली होती.

आम्ही वर्तमानपत्र पसरून दोन रांगा लावल्या. एका रांगेत त्याची जुनी, दुकानातून घेतलेली आणि एकदाच उडवलेली काडतुसे. दुसऱ्या रांगेत हाताने भरलेली. बुडावर दोन्हींच्या तोच शिक्का होता, के. एफ. म्हणजे खडकीचा कारखाना. पुण्याजवळचा हा कारखाना 1869 सालचा. भुसावळजवळचा वरणगावचा कारखाना 1964 सालचा, त्याच्या काडतुसांवर ओ. एफ. व्ही. असते. या अक्षरांवर आम्ही जन्मभर जीव टाकला आहे. कारखान्यात प्रत्येक लॉटमधली काही काडतुसे आधी उडवून दाब आणि वेग मोजतात, मगच तो लॉट बाहेर पडतो. पण शिक्का पितळेवर असतो. ते पितळ नंतर कोणी, कशाने भरले, हे शिक्का सांगत नाही.

ते रिकामे खोके सांगतात. बुडाच्या मधोमध जी टोपी असते, ज्यावर बोल्टची सुई आपटते, ती जुन्या रांगेत कडेला थोडी गोल होती. दुसऱ्या रांगेत ती दाबून सपाट झालेली, आणि एकीला भोक पडून भोवती काजळी. वाफ तोंडावर आली ती तिथून. बुडाच्या किंचित वर पितळावर एक चकचकीत कडे दिसत होते. तिथे पितळ ताणून पातळ झालेले. आणखी एकदोन बारांत खोका तिथेच तुटला असता.

पितळ बाराच्या वेळी फुगून चेंबरला घट्ट बसते आणि लगेच आकसते, म्हणून खोका सहज बाहेर येतो. दाब मर्यादेबाहेर गेला की ते आकसत नाही आणि बोल्ट अडतो. फौजेच्या 7.62 रायफलीत हा दाब चौरस इंचाला सुमारे 50,000 पौंड असतो. घरातला कुकर साधारण 15 पौंडांवर शिटी देतो. म्हणजे तीन हजार कुकरांचा जोर, आणि त्याच्यामागे वीतभर अंतरावर आपल्या माणसाचा डोळा.

दोष रायफलीचा की काडतुसाचा, हे कसे ओळखायचे? रिकामा बोल्ट लोण्यासारखा चालत होता. जुन्या काडतुसांनी तो कधी अडला नव्हता. मग दोष रायफलीचा नव्हता.

"एखादा बार फुसका गेला होता का?" आम्ही विचारले.

तो आठवून म्हणाला, "एक. नुसता फस्स आवाज. मी लगेच पुढची भरली."

आम्ही गप्प झालो. बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली. मध्यावर एक काळी गोल छाया होती. बाहेरून बोट फिरवले तर तिथे पोलाद किंचित फुगलेले. दारू कमी पडलेली गोळी नळीतच अडकली होती, आणि पुढच्या गोळीने तिला ढकलून काढले होते. अशा वेळी नळी फुटते. त्याची फुगून राहिली, एवढेच त्याचे नशीब. आवाज कमी आला की तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचे, मग बोल्ट उघडून नळी आरपार पाहायची, हे आम्ही सगळेच शिकलो होतो. अंधारात, डुकरांच्या घाईत, तोही विसरला.

चेंबर घासून घेतले असते तर बोल्ट सहज उघडला असता, आणि दुसऱ्या दिवशी तीच रायफल, तीच काडतुसे घेऊन तो बँकेच्या दारात पेन्शनच्या रांगेशेजारी उभा राहिला असता.

खरा प्रश्न पुढे होता. शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे. अमेरिकेत लोक घरी काडतुसे भरतात, पण तिथे छापील तक्ते आणि तराजू असतात, तरी दुहेरी दारू पडून अपघात होतात. आमच्यातला एक म्हणाला, उरलेली विहिरीत टाक, विषय संपला. दुसरा म्हणाला, विहीर आटते, आणि पोरे आत उतरतात. घरी उकलून पाहणे हा तर वेडेपणा. रात्री बारापर्यंत आमचा वाद चालला. शेवटी तोच म्हणाला, "चला माझ्याबरोबर."

सकाळी आम्ही तिघे त्याच्याबरोबर ठाण्यात गेलो. काडतुसे आणि रायफल जमा केली, जबाब लिहून दिला. नंतर त्याला दोनदा बोलावले, उलटसुलट विचारले. गनमनची जागा गेली. आज तो वाळूजला बिनबंदुकीचा पहारेकरी आहे आणि पगार बराच कमी. वहिनी कितीतरी दिवस आमच्याशी बोलत नव्हत्या. मुलीच्या क्लासची फी भरायची होती, त्यांचे काय चुकले? आम्ही फीचा एक हप्ता भरला. त्याने ओझे हलके झाले असे म्हणवत नाही. पण त्याचे दोन्ही डोळे, दहाही बोटे शाबूत आहेत.

बंधू-भगिनींनो, ज्यांच्या घरातला माणूस बंदूक घेऊन कामावर जातो, त्यांनी त्याला एकदा विचारावे: काडतुसे कुठून घेतली, पावती आहे का? पावती नसेल तर वापरू देऊ नका. बोल्ट अडला, टोपी सपाट दिसली, आवाज दबका आला, तर दुसरा बार काढायचा नाही. पुढचे काडतूस भरण्याआधी रिकामे हातात घेऊन पाहायचे.